तालीममास्तर देवल

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस नाटकाचा पहिला खेळ केला. त्या सांगलीच्या शेजारी, कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपुरास, १३ नोव्हेंबर १८५५ रोजी गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते बेळगावास गेले, आणि तेथे त्यांना शिक्षक लाभले ते अण्णासाहेब किर्लोस्कर. पुढे देवलही त्याच शाळेत शिकवू लागले. गुरूने नाटक मंडळी काढली तेव्हा शिष्य तिच्याकडे ओढला गेला, यात नवल ते काय! शाळा सुटली, शिकविणे मात्र जन्मभर सुटले नाही.

नट म्हणून ते रंगभूमीवर वावरले खरे, परंतु त्यांचे खरे राज्य तालमीत होते. त्या काळी मंडळ्यांतून येणारी पुष्कळ मुले गळ्याने गोड, पण अक्षरशत्रू असत. त्यांच्याकडून उच्चार घोटवून घ्यावयाचे, वाक्य कोठे तोडावे, दृष्टी कोठे ठेवावी हे दाखवावयाचे, हे काम टाळ्या मिळवून देणारे नव्हे. १८९० च्या ‘झुंजारराव’ नाटकात शेक्सपिअरचा ऑथेल्लो मराठी वेषात उभा राहिला. ती भूमिका गाजविली गणपतराव जोशी यांनी. मास्तर पडद्याआड!

देवलांची नाटके सात. त्यांपैकी सहा संस्कृत वा इंग्रजी नाटकांवरून अथवा कथांवरून घेतलेली आहेत. पण ती ऐकताना परकी वाटत नाहीत. भाषा नटाच्या तोंडी कशी बसते हे ज्याने रोज तालमीत पाहिले, त्याच्याच हातून असे संवाद उतरावेत. पदांतही त्यांनी साकी, दिंडी यांसारख्या घरगुती चाली मोकळ्या मनाने वापरल्या.

सातवे नाटक मात्र सर्वस्वी त्यांचे स्वतःचे: १८९९ चे ‘संगीत शारदा’. ते हरिपूरच्या पारावर बसून लिहिले, असे तिकडील लोक सांगतात. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली कोवळी मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथास देऊ करतो. अशी लग्ने त्या वेळी घरोघर ठाऊक होती. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात उठलेले वादळ ताजे होते, आणि त्या कायद्याने लग्नाचे वय ठरविले नव्हतेच. सभेतील व्याख्यानाला जो गृहस्थ कधी गेला नसता, तो शारदेची पदे ऐकावयास सहकुटुंब आला.

आता एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. भुजंगनाथाचे लग्न मोडते ते मुलीच्या अश्रूंनी नव्हे. वधूवर सगोत्र आहेत, हे कोदंड उघडकीस आणतो म्हणून. सुधारणेचा पक्ष घेणाऱ्या नाटककाराने शास्त्राच्याच आधाराने मांडव मोडावा, हा दुबळेपणा असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे. पण देवलांना आपला प्रेक्षक ठाऊक होता. मुलीचे वय सांगून जो मांडवातून उठला नसता, तो गोत्राचे नाव ऐकताच उठेल, हे त्यांनी दाखविले. आणि तेच दाखविणे अधिक झोंबणारे आहे.

१४ जून १९१६ रोजी देवल निवर्तले. ‘फाल्गुनराव’ या आपल्या जुन्या गद्य प्रहसनाला पदे घालून त्यांनी केलेला ‘संशयकल्लोळ’ त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणला. मुलींच्या लग्नाला किमान चौदा वर्षांची मर्यादा घालणारा कायदा १९२९ साली झाला. तो हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. नावाच्या साम्यामुळे पुष्कळ मराठी घरांत मात्र तो ‘शारदा कायदा’च झाला.