दुकानाचा पत्ता : छापील डिरेक्टरी ते स्थानिक शोध
(बहुशाखीय वस्त्रदालनांच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा)

प्रस्तावना

'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी पुण्याच्या जुन्या बाजारपेठेतील दुकानांवर दीर्घकाळ मिरविली गेली. पुणेरी बाण्याचा नमुना म्हणून तिचा उल्लेख होतो. परंतु व्यापाराच्या इतिहासाच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. एक नाव, एक जागा, एक मालक हे समीकरण तिच्यात गृहीत धरलेले आहे. नाव ठाऊक असले की जागा सापडते आणि जागा सापडली की मालाची खात्री पटते. अनेक शाखा असलेल्या पेढीच्या बाबतीत हे समीकरण मोडते. तेथे नाव एकच असते. पत्ते, वेळा आणि उपलब्ध माल मात्र शाखेगणिक बदलतात. अशा वेळी ग्राहकाला योग्य शाखेपर्यंत कोणी पोहोचवायचे, हा प्रश्न उभा राहतो. छापील डिरेक्टरी, दूरध्वनीवरील विचारणा आणि डिजिटल नकाशा ही त्याची क्रमाने आलेली उत्तरे होत. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा आढावा घेऊन व्यापारी ओळखीचे एकक पेढीकडून शाखेकडे कसे सरकले, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. छापील सूची आणि पेढीचे नाव

अमेरिकेतील न्यू हेवन येथे २१ फेब्रुवारी १८७८ रोजी पहिली दूरध्वनी सूची प्रसिद्ध झाली. ती एका पानाची होती आणि तीत सुमारे ५० वर्गणीदारांची नावे होती. जोडणी ऑपरेटर करून देत असल्याने क्रमांक छापण्याची आवश्यकता नव्हती. नावे मात्र डॉक्टर, दुकाने, निवासस्थाने अशा गटांत विभागलेली होती. पुढे १८८६ मध्ये रूबेन डॉनेली यांनी शिकागो येथे व्यवसायवार वर्गीकृत डिरेक्टरी काढली. 'पिवळी पाने' म्हणून जगभर रूढ झालेल्या सूचीप्रकाराचा पाया या प्रयत्नांतून घातला गेला.

या सूचीत प्रत्येक वर्गातील नावे वर्णानुक्रमे येत. त्यामुळे नाव वर्णमालेच्या पहिल्या अक्षराने सुरू करण्याची युक्ती व्यापाऱ्यांनी योजिली. मोठी चौकट हवी असल्यास अधिक पैसे मोजावे लागत. सूचीतील स्थान उंचावण्यासाठी केलेला प्रयत्न या अर्थाने पाहता, ज्याला आज 'सर्च ऑप्टिमायझेशन' म्हटले जाते त्याचे बीज संगणकाच्या पूर्वीचे आहे. छापील सूचीची मर्यादाही स्पष्ट होती. दुकान हलले तरी नवी आवृत्ती निघेपर्यंत जुनाच पत्ता लोकांच्या हाती राही.

भारतात अनेक शहरांत शाखा असलेले वस्त्रदालन ही कल्पना वसाहतकाळातच रुजली. १८८२ मध्ये कोलकात्यात स्थापन झालेल्या 'व्हाइटअवे लेडलॉ' या पेढीने मुंबईसह अनेक शहरांत दालने उघडली. स्वातंत्र्योत्तर काळात 'रेमंड'ने १९५८ मध्ये मुंबईतील बॅलार्ड इस्टेट येथे पहिले दालन सुरू केले. उदारीकरणानंतर हा विस्तार वेगाने झाला. अंधेरी येथे 'शॉपर्स स्टॉप' (१९९१), कोलकात्यात 'पँटलून्स' (१९९७) आणि टाटा समूहाच्या 'ट्रेंट'चे 'वेस्टसाइड' (१९९८) हे त्यातील ठळक टप्पे होत. या काळातील जाहिरातींत पेढीचे नाव मोठ्या अक्षरांत आणि शाखांचे पत्ते तळाशी बारीक टाइपात असत. कोणते नाव श्रेष्ठ आणि कोणती माहिती दुय्यम, हे त्या मांडणीवरूनच कळत असे.

२. दूरध्वनीवरील विचारणा

१९९६ मध्ये व्ही. एस. एस. मणी यांनी मुंबईत 'जस्ट डायल' ही सेवा सुरू केली. ग्राहकाने दूरध्वनीवर वस्तू किंवा सेवा सांगावयाची आणि ऑपरेटरने परिसरातील व्यावसायिकांची नावे द्यावयाची, असे तिचे स्वरूप होते. येथे महत्त्वाचा बदल घडला. डिरेक्टरी चाळणारा वाचक पुष्कळदा नावाने शोधत असे. फोन करणारा ग्राहक 'दादरला साड्यांचे दुकान' अशी विचारणा करू लागला. गरज आणि परिसर हे दोन निकष नावाच्या पुढे गेले. सशुल्क नोंदणी करणाऱ्या व्यावसायिकाला अग्रक्रम मिळत असल्याने उत्तरातील क्रमाला आर्थिक मूल्यही प्राप्त झाले. २०२१ मध्ये या कंपनीचे नियंत्रण 'रिलायन्स रिटेल व्हेंचर्स'कडे गेले.

३. नकाशा आणि शाखेचे स्वतंत्र अस्तित्व

'गूगल लोकल' ही सेवा २००४ मध्ये आणि 'गूगल मॅप्स' फेब्रुवारी २००५ मध्ये सुरू झाली. व्यावसायिकांसाठीच्या नोंदणीव्यवस्थेचे नाव पुढे अनेकदा बदलले. २०१० मध्ये 'प्लेसेस', २०१४ मध्ये 'माय बिझनेस' आणि २०२१ मध्ये 'बिझनेस प्रोफाइल' अशी ती नावे होत. स्थानिक निकालांचा क्रम मुख्यतः तीन निकषांवर ठरतो, असे गूगलने सांगितले आहे : विचारणेशी सुसंगती, ग्राहकापासूनचे अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी. जुलै २०१४ मधील 'पिजन' या बदलाने स्थानिक क्रमवारी सर्वसाधारण शोधाच्या निकषांशी अधिक घट्ट जोडली. ऑगस्ट २०१५ पासून पहिल्या पानावरील स्थानिक नावे सातऐवजी तीन झाली. स्पर्धा त्यामुळे अधिकच तीव्र झाली.

या निकषांपैकी अंतराचा निकष बहुशाखीय पेढीच्या दृष्टीने निर्णायक ठरतो. कोथरूडमधील ग्राहकाला हडपसरची शाखा कितीही नामांकित असली तरी उपयोगाची नसते. परिणामी प्रत्येक शाखेची नोंद स्वतंत्र ठेवावी लागते. नाव, पत्ता व दूरध्वनी सर्वत्र सारखे असणे, शाखेसाठी संकेतस्थळावर वेगळे पान असणे, वेळा व सुट्ट्या अद्ययावत ठेवणे, ग्राहकांच्या अभिप्रायांना उत्तरे देणे आणि स्थलांतरानंतर जुनी नोंद बंद करणे ही कामे नित्याची झाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दुकान 'तात्पुरते बंद' असल्याची नोंद करण्याची सोय झाली, तेव्हा या कामाचे महत्त्व विशेष प्रत्ययास आले.

दहा किंवा अधिक शाखा असलेल्या व्यवसायाला एकत्रित पडताळणीची सुविधा मिळते. मोठ्या साखळीकडे त्यासाठी स्वतंत्र कर्मचारी असतात; एकट्या दुकानदाराला गल्ला सांभाळून हे करावे लागते. त्याच्या दुकानाची नोंद पुष्कळदा एखादा ग्राहकच करून टाकतो आणि तीत कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो. अंतराचा निकष मात्र याच दुकानदाराच्या बाजूचा आहे. शेजारच्या गल्लीतील ग्राहकाला त्याचे दुकान साखळीतील दूरच्या दालनाआधी दिसू शकते. अट एवढीच की, नोंद अचूक असावी.

४. पत्ता, पाटी आणि लिपी

भारतीय पत्त्याचे स्वरूप या व्यवस्थेला सहज मानवणारे नाही. 'मारुतीच्या देवळासमोर', 'जुन्या एस. टी. स्थानकामागे' अशा खुणा पत्त्यात असतात. या विविधतेला शिस्त लावण्याचा मोठा प्रयत्न १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या सहा अंकी पिन कोडने केला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी होते. २०२५ मध्ये टपाल खात्याने मांडलेली 'डिजिपिन' ही दहा वर्णांकांची पद्धती सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनापर्यंत जागा निश्चित करते.

नावाचा प्रश्न यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीने कर्मचाऱ्यांची संख्या कितीही असली तरी दुकानाची पाटी मराठीत लावणे बंधनकारक केले. कायद्याचा रोख दुकानावरील फलकावर आहे. नकाशावरील नोंद मात्र पुष्कळदा रोमन लिपीतच राहते. रस्त्यावरून जाणाऱ्याला मराठी नाव दिसते आणि मोबाइलवर शोधणाऱ्याला दुसरेच.

निष्कर्ष

१. सूचीत वरचे स्थान मिळविण्याची धडपड छापील डिरेक्टरीइतकी जुनी आहे. बदलले ते क्रम ठरविण्याचे निकष.

२. नाव, परिसर आणि ग्राहकाचे प्रत्यक्ष स्थान या क्रमाने शोधाचा आधार बदलत गेला. त्यामुळे जाहिरातीच्या तळाशी असलेला शाखेचा पत्ता व्यापारी ओळखीच्या केंद्रस्थानी आला.

३. पत्ता दुकानदाराचा असला तरी त्याची नोंद दुसऱ्याच्या व्यवस्थेत असते. ती अचूक ठेवण्याचे श्रम साखळीला परवडतात, लहान दुकानदाराला जड जातात. व्यापारी संघटना आणि वाणिज्य महाविद्यालयांनी या कामी परिसरातील दुकानदारांना साहाय्य करणे उचित ठरेल.

'आमची कोठेही शाखा नाही' असे अभिमानाने सांगणाऱ्या दुकानालाही आपली जी एक जागा आहे, ती नकाशावर स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या लिपीत नोंदविणे आता अपरिहार्य झाले आहे.