थँक्सगिव्हिंग डे

थँक्सगिव्हिंग डे : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सुगीचा राष्ट्रीय सण व सार्वजनिक सुटी. नोव्हेंबरातील चौथ्या गुरुवारी पाळतात.

उगम : मॅसॅचूसेट्समधील प्लिमथ येथे इंग्रज वसाहतकऱ्यांनी १६२१ च्या शरदात केलेल्या मेजवानीशी सणाचे नाते जोडले जाते. ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या १०२ प्रवाशांपैकी जवळजवळ निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले होते. मेजवानीची हकिगत एडवर्ड विन्स्लोच्या ११ डिसेंबर १६२१ च्या पत्रात थोडक्यात आली आहे. त्याच पत्रातील पिकांचा तपशील कृषी-इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. सुमारे २० एकरांत मका, ६ एकरांत जव व वाटाणा; जमिनीला स्थानिक रीतीप्रमाणे माशांचे खत. मका चांगला पिकला, जव बेताचा आला, वाटाणा फुलोऱ्यातच उन्हाने करपला. इंग्लंडहून आणलेल्या बियाण्याने फारसा हात दिला नाही. सुगी साधली ती मूळ रहिवाशांच्या पिकावर. मक्याची लागवड शिकवणारा तिस्क्वांटम (स्क्वांटो) पटुक्सेट गावचा. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये नेले. तो १६१९ मध्ये परतला तेव्हा साथीने गाव ओस पडले होते. प्लिमथ वसले ते त्याच जागी. मासे पुरण्याची रीत स्थानिकच होती की तिस्क्वांटमने यूरोपीयांकडून उचलली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

स्थानिक वाम्पानोग जमातीचा प्रमुख मॅसासॉइट ९० माणसांसह मेजवानीसाठी तीन दिवस मुक्कामाला होता. त्याच्या माणसांनी पाच हरणे मारून आणली. पत्रात टर्कीचा उल्लेख नाही, केवळ शिकारीच्या पक्ष्यांचा आहे. ‘थँक्सगिव्हिंग’ हा शब्दही विन्स्लो वापरत नाही. प्लिमथच्या प्यूरिटन वसाहतकऱ्यांच्या लेखी ‘थँक्सगिव्हिंग’ म्हणजे प्रार्थनेचा दिवस, मेजवानीचा नव्हे. ‘पहिले थँक्सगिव्हिंग’ हे नाव अलेक्झांडर यंग यांनी १८४१ मध्ये या पत्राला जोडलेल्या तळटीपेतून रूढ झाले. व्हर्जिनियातील बर्कली (१६१९) येथील आभारदिनासाठीही पहिलेपणाचा दावा केला जातो.

राष्ट्रीय सण : राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी २६ नोव्हेंबर १७८९ हा आभारदिन घोषित केला, पुढे प्रथा राज्याराज्यांवर राहिली. संपादिका सेरा जोसेफा हेल यांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर, यादवी युद्ध चालू असताना, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी ३ ऑक्टोबर १८६३ रोजी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. व्यापाऱ्यांना नाताळच्या विक्रीसाठी अधिक दिवस मिळावेत म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३९ मध्ये तो आठवडाभर अलीकडे आणला. काही राज्यांनी ते मानले नाही. सध्याचा दिवस १९४१ च्या कायद्याने ठरला.

शोकदिन : १९७० पासून मूळ रहिवासी याच दिवशी प्लिमथला राष्ट्रीय शोकदिन पाळतात.

कॅनडा : तेथे हा सण ऑक्टोबरातील दुसऱ्या सोमवारी असतो (१९५७ पासून).