मेडियाचीं मुलें कोणीं मारलीं?

गेल्या सहामाहींत आमच्या बी. ए. च्या वर्गांतील विद्यार्थ्यांस आम्हीं ग्रीक पुराणकथांतील एखाद्या पात्राच्या स्वभावपरीक्षणाचा निबंध लिहावयास दिला होता. एका विद्यार्थिनीनें मेडिया निवडली. मेडिया ही स्वभावतःच क्रूर स्त्री असल्यामुळें तिच्या हातून पोटच्या मुलांचा वध झाला, असें तिचें पहिलें वाक्य होतें आणि पुढील आठ पृष्ठें म्हणजे त्या वाक्याचाच विस्तार होता. भाषा स्वच्छ, उदाहरणें पुरेशीं. सातव्या पृष्ठावर मात्र, वाट चुकून आल्यासारखें, एक निराळेंच वाक्य होतें : कॉरिंथ शहरांत या मुलांचें थडगें दाखवीत असत, व तेथील लोकांनींच त्यांस ठार मारलें असें सांगत असत. आम्हीं त्याखालीं तांबड्या पेन्सिलीनें रेघ ओढली, समासांत 'विषयांतर' असा शेरा मारला आणि वही परत केली.

दुसऱ्या दिवशीं ती वही घेऊन आली. "सर, हें विषयांतर असेल तर मी काढून टाकतें. पण मुलें लोकांनीं मारलीं असतील, तर माझें पहिलें वाक्य कसें टिकेल?" आमच्यापाशीं तत्काळ उत्तर नव्हतें. युरिपिडीसचें नाटक आम्ही वीस वर्षें शिकवीत आलों आहों. नाटक म्हणजेच मूळ कथा, असा समज आमच्याहि मनांत केव्हां रुजला, तें आम्हांस कळलेंच नव्हतें.

नाटकांतील कथा बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील कॉल्किस देशची ही राजकन्या. सोनेरी लोकर हस्तगत करण्यास तिनें जेसनला साह्य केलें, त्याच्यासाठीं माहेर सोडलें, आणि शेवटीं कॉरिंथ येथें जेसननें तिला टाकून तेथील राजकन्येशीं लग्न लाविलें. मेडियानें विषारी वस्त्र पाठवून सवत व तिचा बाप या दोघांस मारलें, मग स्वतःच्या दोन मुलांस मारलें, आणि सूर्याच्या रथांतून ती अथेन्सकडे निघून गेली.

आतां दुसरी हकीकत पाहूं. ख्रिस्तोत्तर दुसऱ्या शतकांत पॉसेनियस नांवाच्या ग्रीक प्रवाशानें आपल्या देशाचें वर्णन लिहिलें. फ्रेझरनें त्याचें सटीक इंग्रजी भाषांतर १८९८ सालीं सहा खंडांत प्रसिद्ध केलें. पॉसेनियसला कॉरिंथमध्यें एक विहीर दाखविण्यांत आली. त्या राजकन्येनें विषाचा दाह शमविण्यासाठीं तींत उडी घेतली म्हणे. जवळच मेडियाच्या मुलांचें थडगें होतें. त्यांचीं नांवें मर्मरस व फेरीज. राजकन्येकडे तीं घातक भेट घेऊन गेलीं, म्हणून कॉरिंथकरांनीं त्यांस दगडांनीं ठेचून मारलें. पुढें गांवांतील तान्हीं मुलें मरूं लागलीं. तेव्हां देववाणीच्या आज्ञेनें या मुलांच्या नांवें दरवर्षीं यज्ञ सुरू झाला आणि एका भयानक स्त्रीची मूर्ति उभारण्यांत आली. मूर्ति पॉसेनियसच्या वेळींहि होती. यज्ञ मात्र राहिला नव्हता. ख्रिस्तपूर्व १४६ मध्यें रोमनांनीं कॉरिंथ उद्ध्वस्त केलें, व सुमारें शंभर वर्षांनीं ज्यूलियस सीझरच्या आज्ञेनें तेथें परके लोक येऊन वसले. त्यांस त्या पापाचें काय सुतक! पूर्वीं गांवांतील मुलें या मृतांसाठीं केंस कापून काळीं वस्त्रें नेसत. तीहि चाल मोडली.

हा उतारा वाचून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसलों. विधि आधींचा व त्याचें कारण सांगणारी कथा मागाहूनची, असें असण्याचा संभव आहेच. तरी जें पाप एका परक्या बाईचें, त्याचें सुतक गांवानें आपल्या मुलांकडून पिढ्यान्‌पिढ्या कां पाळवावें? यूमेलस या कॉरिंथच्या जुन्या कवीच्या नांवावर आणखी एक कथा आहे. तींत मेडिया आपल्या मुलांस अमर करण्याच्या आशेनें हेरादेवीच्या मंदिरांत नेऊन ठेवी. तो प्रयत्न फसला, आणि जेसन तिला सोडून गेला. तींत मुलें मेलीं तीं आईच्या द्वेषानें नव्हेत, वेड्या मायेनें.

युरिपिडीसचें नाटक ख्रिस्तपूर्व ४३१ मध्यें झालें. त्याच वर्षीं अथेन्स व स्पार्टा यांचें मोठें युद्ध पेटलें, आणि कॉरिंथ हें स्पार्टाच्या पक्षाचें. जुन्या टीकाकारांनीं एक वदंता नमूद केली आहे : आपल्यावरील कलंक मेडियाच्या माथीं मारावा म्हणून कॉरिंथकरांनीं कवीला पांच टॅलंट चारले! शत्रूच्या पैशांनीं लिहिलेलें नाटक अथेन्सच्या भर उत्सवांत होईल, हें आम्हांस पटत नाहीं. पण वदंतेचाहि एक उपयोग असतो. कवीनें कथा फिरविली, हें प्राचीनांस ठाऊक होतें, एवढें तींतून निश्चित कळतें. महाभारतांतील शकुंतलेच्या कथेंत दुर्वासाचा शाप नाहीं, अंगठीहि नाहीं. आपल्याकडे तरी हें कितीजणांस आठवतें?

विद्यार्थिनीनें निबंध नव्यानें लिहून आणला. युरिपिडीसनेंच हा बदल केला, असें तिनें ठाम लिहिलें होतें. तेथें आम्हीं 'बहुधा' हा शब्द घातला. कारण निओफ्रॉन नांवाच्या दुसऱ्या एका नाटककाराची मेडिया आधींची, असें म्हणणारे प्राचीन काळींहि होते. खरी तक्रार आमची निराळी होती. या खेपेस तिनें मेडियाला अगदीं निर्दोष ठरविलें होतें. कॉरिंथच्या कथेंतील मेडिया निर्दोष असेल, नाटकांतील नाहीं. तेथें ती मुलांस पोटाशीं धरते, निश्चय सोडते, पुन्हां करते, आणि आपण काय करणार आहों हें पुरतें जाणून करते. क्रूर स्वभावाला एवढें झगडावें लागत नाहीं, हें खरें. पण कृत्य तिचेंच आहे. शिवाय ती परकी. ख्रिस्तपूर्व ४५१ च्या पेरिक्लीजच्या कायद्यानें आईबाप दोघेहि अथेन्सचे असल्यावांचून मुलास नागरिकत्व मिळत नसे. असा कायदा असलेल्या शहरांत टाकलेल्या परदेशी बायकोचें गाऱ्हाणें रंगभूमीवर ऐकणें प्रेक्षकांस सुखाचें झालें नसावें. स्पर्धेंत तिघे कवि होते : एस्किलसचा मुलगा युफोरियन पहिला आला, सोफोक्लीज दुसरा, आणि युरिपिडीस तिसरा.

तिसऱ्या खर्ड्यांत निबंध दोन भागांत झाला : कॉरिंथची मेडिया व युरिपिडीसची मेडिया. 'स्वभावतःच' हा शब्द गेला. थडग्याचें वाक्य सातव्या पृष्ठावरून पहिल्या ओळींत आलें, आणि आमचा शेरा आम्हींच खोडला. जातांना तिनें विचारलें, त्या मुलांचे केंस कापीत ते कोणत्या वयाला? त्याचा तपास ती सुटींत करणार आहे. फ्रेझरच्या टीपांचा खंड तिनें घरीं नेला आहे.