माळव्याची अफू, अंकाची पैज आणि डेटा मायनिंग

जुन्या भावांच्या राशीतून पुढच्या भावाचा माग काढणे, याला आज डेटा मायनिंग म्हणतात. भोपाळच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत विदाविज्ञानाचा स्वतंत्र विभागच आहे. विषय नवा, तंत्र नवे. परंतु गरज नवी नव्हे. भोपाळ संस्थान ज्या माळव्याच्या पट्ट्यात होते, तेथील व्यापाऱ्यांना ती एकोणिसाव्या शतकातच भासली होती.

माळव्याचा मुख्य रोख माल म्हणजे अफू. १८३० च्या सुमारास कंपनी सरकारने ठरावीक शुल्क घेऊन ही अफू मुंबईमार्गे चीनला पाठविण्यास परवानगी दिली. सुमारे १४० पौंडांच्या एका पेटीवर आरंभी १७५ रुपये असलेले हे शुल्क १८४७ पर्यंत ४०० रुपयांवर गेले. माळव्यातील व्यापाऱ्याला पिकाचा अंदाज, चीनमधील मागणी आणि कलकत्त्याच्या सरकारी लिलावात पाटणा-बनारसच्या अफूला मिळणारा दर, या तिन्हींचा मेळ घालावा लागे. तारयंत्र १८५५ मध्ये लोकांसाठी खुले झाले. तोपर्यंत सारी भिस्त डाकेवर. बातमी ज्याच्या हाती आधी, त्याचा नफा. ('तेजी' फारसीतून आलेली, 'मंदी' संस्कृत 'मंद'वरून, बाजाराने मात्र दोघींची जोडी कायमची जुळवली.)

या अनुमानातून पुढे निव्वळ पैज जन्मली. मुंबईचे व्यापारी अफूची एकही पेटी न घेता, कलकत्त्याच्या पुढील लिलावात सरासरी भाव किती निघेल यावर रकमा लावू लागले. रामलाल ठाकुरसीदास विरुद्ध सूजुमनल धोंडमल हा अशाच पैजेचा दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. अशा पैजेमुळे लिलावाच्या भावात ढवळाढवळ करण्याचा मोह होतो, सरकारी महसुलाला झळ पोचते, असा युक्तिवाद झाला. कौन्सिलने १८४८ मध्ये तो अमान्य केला व पैज वसुलीयोग्य ठरवली. त्याच वर्षी १८४८ चा २१ वा कायदा करून सरकारने पैजेचे करार रद्दबातल ठरवले. न्यायालयाने फेटाळलेल्या युक्तिवादातच या प्रकरणाचे खरे मर्म आहे. पाऊस पडेल की नाही यावर कोणी कितीही पैसे लावले तरी ढगांना त्याची खबर नसते. लिलावाचे तसे नाही. पैज लावणाराच तेथे बोली बोलू शकतो.

डेटा मायनिंग शिकणाऱ्याने हा फरक ध्यानात घेणे अगत्याचे आहे. कोणत्या वस्तू ग्राहक एकत्र खरेदी करतात याचे नियम शोधण्याची पद्धत राकेश अग्रवाल व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडली. तेथे विदा बहुतांशी स्थिर असते. साबण घेणारा संगणकाला फसवायला निघालेला नसतो. बाजारात सापडलेला नियम चार जणांना कळला की तो झिजू लागतो. शिवाय एक साधा हिशेब आहे. मुळात निरर्थक असे १,००० नियम पाच टक्क्यांच्या कसोटीवर तपासले, तरी सुमारे ५० नियम केवळ योगायोगाने 'खरे' ठरतात. म्हणून काही वर्षांची विदा बाजूला झाकून ठेवावी, नियम ठरल्यानंतरच ती उघडावी आणि दलाली व कर वजा करून नफा मोजावा. अभ्यासक्रमात हा भाग रूक्ष वाटतो व घाईने उरकला जातो, हे दुर्दैव.

सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार वायदे व ऑप्शन्समधील ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. २०२३-२४ मध्ये परकीय गुंतवणूकदारांच्या नफ्यापैकी ९७ टक्के नफा संगणकीय अल्गोरिदमद्वारे केलेल्या व्यवहारांतून आला.

जुलै २०२५ मध्ये सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीविरुद्ध अंतरिम आदेश काढून ४,८४३ कोटी रुपये अडकवले. १७ जानेवारी २०२४ रोजी सकाळी कंपनीने बँक निफ्टीतील समभाग व वायदे सुमारे ४,३७० कोटींना घेऊन निर्देशांक चढवला आणि ऑप्शन्समध्ये त्याच्या कितीतरी पट मोठी उलट बाजू धरली, असे सेबीचे म्हणणे. कंपनीने आरोप नाकारले व अपिलीय न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. निकाल काहीही लागो, सेबीने मांडलेला आक्षेप १८४८ सालच्या युक्तिवादाहून फारसा वेगळा नाही. त्या सकाळचे आकडे एखाद्या विद्यार्थ्याच्या संगणकाला दिले असते, तर त्याने त्यांत तेजीच वाचली असती.