कविता, चाल आणि गायकाचा स्वर : मराठी भावगीताची घडण

नाटक-चित्रपटातील प्रसंगावर अवलंबून नसलेली भावकविता स्वरबद्ध करून गाण्याच्या प्रकाराला मराठीत भावगीत म्हणतात, आणि त्याच्या आधीची पायरी काव्यगायनाची आहे. 1923 साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील माधव जूलियन, यशवंत, गिरीश प्रभृती कवींनी आपल्या कविता सभांमधून गाऊन दाखवल्या. तेथे कवी आणि गायक एकच असे, आणि वृत्ताची लय हीच बहुधा चाल ठरे.

1930च्या दशकाच्या आरंभी जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ध्वनिमुद्रित केली, तेव्हा ही एकात्मता मोडली आणि कवितेला कवीपेक्षा वेगळा आवाज मिळाला. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत असल्याने दीर्घ कवितेतील मोजकीच कडवी निवडावी लागत. ध्वनिक्षेपकामुळे मात्र आवाज न चढवता, कुजबुजीइतक्या हळुवारपणे शब्द उच्चारणे शक्य झाले. गजानन वाटवे यांनी हीच शैली जाहीर मैफलींतून घरोघरी पोहोचवली.

पुढे संगीतकार हा कवितेचा पहिला वाचक बनला आणि तिच्या प्रकृतीला साजेसा गळा शोधू लागला. भा. रा. तांबे यांच्या अनेक कवितांसोबत जाती व राग यांच्या नोंदी आढळतात, तरीही वसंत प्रभू आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी त्यांना स्वतःच्या चाली देऊन लता मंगेशकर यांच्याकडून गाऊन घेतल्या. श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेल्या मंगेश पाडगावकरांच्या ‘शुक्रतारा’ला अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे आवाज लाभले, दाते यांच्या मऊ, संथ उच्चारात आकाशवाणीच्या काळातील मराठी श्रोत्याला प्रेमकवितेचा स्वर सापडला. अर्थाला तानेपेक्षा वरचे स्थान देणाऱ्या या गायनाला यशवंत देव यांनी ‘शब्दप्रधान गायकी’ असे नाव दिले.

आरती प्रभू आणि ग्रेस यांच्या कवितेने या परंपरेपुढे अवघड प्रश्न ठेवला, कारण त्यांच्या प्रतिमांचा सरळ अर्थ लागत नाही आणि तिथे केवळ शब्द स्पष्ट उच्चारून भागत नाही. ‘गेले द्यायचे राहून’ या आरती प्रभूंच्या कवितेत देण्याची इच्छा अपुरी राहिल्याची खंत आहे. हृदयनाथांनी तिचा अर्थ उलगडून सांगण्याऐवजी ती खंत चालीत साठवली आणि गायिकेच्या आवाजाने तिला देह दिला. कवितेचे वातावरण स्वरांतून उभे करण्याची ही दृष्टी मराठी भावसंगीताची मोठी कमाई होय.

2010 मध्ये कौशल इनामदार यांनी सुरेश भटांच्या कवितेवर बांधलेल्या मराठी अभिमानगीतात शंभराहून अधिक गायक एकत्र आले, तर त्याआधीच संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या ‘आयुष्यावर बोलू काही’ने कवीला पुन्हा रंगमंचावर आणले. साधने बदलली, वाद्यमेळ बदलला. पण कवितासंग्रह कधी न उघडणाऱ्या असंख्य मराठी माणसांना तांबे, आरती प्रभू, ग्रेस मुखोद्गत झाले ते या चालींमुळेच, आणि म्हणून भावगीताचा इतिहास मराठी काव्याच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.