समुद्रसपाटी : एका गृहीतकाचा इतिहास

रायगड किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच आहे, असे आपण सहज लिहितो. या वाक्यातल्या किल्ल्याकडे सर्वांचे लक्ष जाते. 'समुद्रसपाटी' या शब्दाकडे कोणी पाहत नाही. या सामासिक शब्दाच्या उत्तरपदात एक गृहीतक दडलेले आहे. समुद्र सपाट असतो, हे ते गृहीतक. गेल्या दीडशे वर्षांत ते कसे ढळत गेले, याचा इतिहास रायगडच्या किनाऱ्यासाठी केवळ कुतूहलाचा विषय नाही.

उंची मोजायची तर शून्य कोठे तरी धरावे लागते. भारतात ते समुद्राच्या सरासरी पातळीवर धरले गेले. मुंबईच्या अपोलो बंदरात १८७८ पासून भरतीमापक यंत्राच्या नोंदी होऊ लागल्या. हिंदी महासागराच्या काठावरील सर्वांत दीर्घ नोंदींत त्यांची गणना होते. पुढे १९०९ साली देशभरच्या उंचीमापनाचे जाळे जुळवताना नऊ बंदरांतील सरासरी पातळी एकच, म्हणजे शून्य, मानण्यात आली. त्या नवांत मुंबईही होती. म्हणजे कराची, मुंबई, मद्रास आणि विशाखापट्टणम येथील पाणी एकाच पातळीत आहे, असे धरून चालण्यात आले.

प्रत्यक्षात तसे नव्हते. जमिनीवरून केलेल्या मोजणीत बंगालच्या उपसागराची पातळी अरबी समुद्राहून वर येत होती. मुंबई आणि विशाखापट्टणम यांतील फरक सुमारे ३० सेंटिमीटर होता. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डी. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी २००१ साली त्याची उपपत्ती मांडली. गंगा-ब्रह्मपुत्रेसारख्या नद्यांच्या गोड्या पाण्यामुळे पूर्वेकडील समुद्र कमी खारा, म्हणून हलका असतो. आणि हलके पाणी थोडे अधिक उंच उभे राहते. म्हणजे समुद्रालाही उतार असतो.

पण याहून मोठा उतार गुरुत्वाकर्षणाचा आहे. गवंड्याचा ओळंबा सरळ खाली लोंबतो, असे आपण मानतो. एकोणिसाव्या शतकातील महात्रिकोणमितीय सर्वेक्षणात कलियाना आणि कल्याणपूर या उत्तर व मध्य हिंदुस्थानातील ठाण्यांमधले अंतर दोन पद्धतींनी काढले असता सुमारे सव्वापाच विकलांचा फरक पडला. अंशाचा छत्तीसशेवा भाग म्हणजे विकला. तरीही हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट यांनी हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढत असेल, असा हिशेब मांडला. पण हिशेबाने आलेली ओढ प्रत्यक्षाच्या जवळजवळ तिप्पट निघाली. यातून पर्वताखालील द्रव्य कमी घनतेचे असावे वा पर्वताला खोल मुळे असावीत, या कल्पना पुढे आल्या. १८६५ नंतर कॅप्टन जेम्स बासेवी यांनी लंबकाच्या साहाय्याने देशभर गुरुत्व मोजले. अंतर्भागापेक्षा किनाऱ्यावर ते अधिक भरते, हे त्या मोजणीतून दिसले. १८७१ मध्ये लडाखच्या थंडीत हे काम करीत असतानाच बासेवींचा मृत्यू झाला.

ओळंबा जेथे कलतो तेथे पाण्याचा पृष्ठभागही कलतो. वारा, भरती-ओहोटी आणि प्रवाह थांबले तर समुद्र ज्या पृष्ठावर स्थिरावेल, त्याला 'जिऑइड' म्हणतात. आदर्श लंबगोलाशी तुलना केली तर तो जागोजागी उंचसखल आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेस तो सुमारे १०६ मीटर खोल जातो. जगातला हा सर्वांत मोठा सखल भाग. त्याचा सुगावा १९४८ मध्ये डच शास्त्रज्ञ व्हेनिंग माइनेस यांच्या जहाजावरील मापनातून लागला. त्याचे मूळ पृथ्वीच्या प्रावरणातील हालचालींत आहे, अशी मांडणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील देबांजन पाल आणि अत्रेयी घोष यांनी २०२३ मध्ये केली. आपला कोकण किनाराही या उताराच्याच प्रदेशात आहे. अलिबागच्या वाळूत उभे राहून उपग्रहाधारित यंत्राने लंबगोलापासूनची निखळ उंची वाचली, तर ती शून्याखाली साठ मीटरांहून अधिक येईल. आणि तरीही पाय कोरडेच असतील.

हा पृष्ठभाग सर्वत्र सारख्या काटेकोरपणे मोजायचा तर जहाज आणि लंबक अपुरे पडतात. मार्च २००२ मध्ये 'ग्रेस' नावाचे दोन उपग्रह एकामागोमाग, सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून फिरू लागले. खाली वस्तुमान जास्त असेल तेथे पुढचा आधी ओढला जाई, मागचा नंतर; मधले अंतर किंचित बदले. केसाच्या जाडीहूनही सूक्ष्म असा तो बदल टिपणे, हेच त्यांचे काम. २००९ ते २०१३ या काळात युरोपच्या 'गोचे' उपग्रहाने अत्यंत खालच्या कक्षेतून जिऑइडचा अधिक बारीक नकाशा दिला. समुद्राच्या मोजलेल्या उंचीतून जिऑइड वजा केला की उरतो तो प्रवाहांनी घडवलेला उंचसखलपणा. महासागरातील प्रवाह त्यातून वाचता येतात.

'ग्रेस'चे वैशिष्ट्य असे की त्याने महिन्यागणिक बदल दाखवला. २००२ ते २००८ या काळात पंजाब, हरियाणा आणि राजस्थान यांच्या पोटातून सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल नाहीसे झाले, हे एकही विहीर न मोजता कळले. ग्रीनलंड दरवर्षी सरासरी अडीचशे अब्ज टनांहून अधिक बर्फ गमावत आहे, हेही असेच उमगले. आणि येथेच आपल्या किनाऱ्याचा संबंध येतो. बर्फाचा तो प्रचंड ढीग भोवतालचे पाणी आपल्याकडे ओढून धरतो. बर्फ वितळला की ओढ सैल होते, जवळची पातळी उतरते आणि दूरच्या समुद्रांच्या वाट्याला सरासरीहून अधिक पाणी येते. आपला समुद्र त्या दूरच्यांपैकी आहे.

रायगड जिल्ह्याला खारेपाट आहे. पेण-अलिबागच्या खाड्यांलगत पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून खारे पाणी रोखले आणि भातशेती उभी केली. उधाणाने बांध फुटला की ती जमीन पुन्हा पिकायला काही वर्षे जातात. त्या बांधाची उंची ठरवताना समुद्र किती चढतो आहे, हे ठाऊक असणे भाग आहे. १९९३ पासूनच्या तीन दशकांत जगभरची सरासरी पातळी सुमारे १० सेंटिमीटर वाढली. त्यातली किती वाढ पाणी तापून फुगल्याने आणि किती बर्फ वितळून आल्याने, ही वाटणी गुरुत्वमापनाने करता येते.

मात्र उपग्रहाची नजर स्थूल आहे. 'ग्रेस'ला शेकडो किलोमीटरांचा प्रदेश दिसतो. एक तालुका दिसत नाही. बांधाजवळची जमीन स्वतःच खचते आहे का, हे किनाऱ्यावरच पाहावे लागते. म्हणून अपोलो बंदराच्या जुन्या नोंदीचे मोल उपग्रहांमुळे कमी झाले नाही, उलट वाढले.

नोंदीची अखंडता म्हणजे काय, हे याच जिल्ह्यात पाहायला मिळते. विषय चुंबकत्वाचा आहे, गुरुत्वाचा नाही. पण शिस्त तीच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय मापने १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आली. संचालक नानाभॉय फ्रामजी मूस यांनी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेतली, जेणेकरून जुनी मालिका नवीला जोडता यावी. 'ग्रेस'च्या बाबतीत हे साधले नाही. पहिली जोडी २०१७ मध्ये थकली, दुसरी मे २०१८ मध्ये गेली. मालिकेत सुमारे अकरा महिन्यांची पोकळी राहिली.

'समुद्रसपाटी' हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. गडाची उंची आपण त्याच शब्दाने सांगत राहू. फक्त त्यातली सपाटी ही कोणी तरी, कधी तरी, काही बंदरांवरून ठरवलेली रेषा आहे, आणि ती रेषा हलते आहे, एवढे भान वर्गात तो शब्द शिकवताना असावे. खारबांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ते भान आपल्याआधी आले आहे.