तारीख नसलेले अंक

२०१७ साली मुंबईत ‘बॉम्बे झाइन फेस्ट’ भरला. स्वतः लिहिलेल्या, झेरॉक्स काढून पिना मारलेल्या पुस्तिका टेबलांवर मांडायच्या, विकायच्या, एकमेकांना द्यायच्या. फोटो बघून वाटलं, काहीतरी नवीन आलंय. मी हिंगोलीतल्या गोरेगावचा, इंजिनिअरिंग करून कोड लिहिणारा. मराठीत हे साठ वर्षं आधीच घडून गेलंय, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

१९५४ मध्ये दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या तरुण कवींनी ‘शब्द’ काढलं, सायक्लोस्टाइल करून. म्हणजे मेणकागदावर टाइपरायटरने किंवा टोकदार लेखणीने अक्षरं कोरायची आणि त्या छिद्रांतून शाई पाझरवत एकेक पान काढायचं. स्टेन्सिल फाटलं की छपाई थांबली. १९६३ मध्ये अशोक शहाणेंचं ‘असो’ आलं. पुढे राजा ढालेंचं ‘येरू’, औरंगाबादचं ‘वाचा’. यांना नाव पडलं अनियतकालिकं. मजकूर आणि पैसे जमले की अंक निघणार. जाहिरातदार नाही, त्यामुळे कुणाची मर्जी राखायची गरज नाही. पण खिशातले पैसे संपले की अंकही संपायचा. बहुतेकांचं आयुष्य थोडक्याच अंकांचं.

टिकलं ते आपल्या मराठवाड्यातलं. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस ‘अस्मितादर्श’ उभं केलं आणि ते त्रैमासिक पुढे कित्येक दशकं चालवलं. प्रस्थापित मासिकांत ज्यांना जागा मिळत नव्हती, त्या दलित लेखकांना तिथे पानं मिळाली. शिवाय ‘अस्मितादर्श’चे लेखक-वाचक मेळावे भरायचे, वेगवेगळ्या गावांत. घरात आधी कुणीच लिहिलेलं नाही अशी पोरं तिथे लेखकांसमोर बसायची. फेस्ट म्हणतात तो हाच की.

माझा पहिला ब्लॉग गेला, कारण मी होस्टिंगचे पैसे भरले नाहीत. तीन वर्षांचं लिखाण, आणि प्रत एकही नाही. पातळ कागदावरचे ते अंक मात्र अजून कुणाकुणाच्या कपाटात आहेत. दिवाळीच्या साफसफाईत काकांच्या ट्रंकेत असलं काही सापडलं, तर रद्दीत घालण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. मोबाईल हातात आहेच.